न जोखलेलं पाणी

दोघी जावांतल्या धाकटीला सगळा कारखाना थेंबूताई म्हणत असे, आणि ते नाव तिनं स्वतःच्या करणीनं कमावलेलं होतं. कुठलीही वस्तू हाती आली की बाई तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडणार, मान वाकवून डोळा थेंबाच्या पातळीला आणणार आणि तो पसरतो की गोळा होऊन बसतो ते बघणार. डब्याचं झाकण, कुणाचा नवा रेनकोट, पहारेकऱ्याच्या चष्म्याचं घर, कशाचीच सुटका नव्हती. स्वतःच्या लग्नाच्या फोटोवर चढवलेल्या प्लास्टिकवरही तिनं थेंब ठेवला होता आणि नवऱ्याला सांगितलं होतं, की आपल्या दोघांवर पाणी काही ठरत नाही. नवरा बिचारा हसला.

पण तिचं कामच ते होतं. कारखान्यात दवाखान्यांसाठी बारीक प्लास्टिकच्या नळ्या तयार होत, रोग्याच्या अंगात घालायच्या. आता प्लास्टिकचं आणि पाण्याचं मुळातच वाकडं. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी त्याच्यावरून घरंगळतं, आणि अशी कोरडी नळी अंगात सरकवली तर माणूस कळवळतो. म्हणून नळ्या एका पेटीत ठेवायच्या, पेटीतली हवा ओढून काढायची आणि विजेच्या जोरावर पेटवलेल्या वायूची जांभळी झळ त्यांच्यावरून फिरवायची. त्या झळीनं नळीची वरची कातडी पालटते आणि पाण्याला जवळ करते. मग चाचणीघरात नळीवर थेंब सोडायचा आणि पडद्यावर मोठा करून बघायचा. चपटा पसरला तर नळी चांगली, टपोरा उभा राहिला तर कचऱ्यात.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण प्लास्टिक पडलं आतल्या गाठीचं. झळ लागली की वरवर पाण्याशी गोड बोलतं आणि गोदामात पडून राहिलं की त्याचे ते गोड बोलणारे कण हळूच आत तोंड फिरवतात. काही आठवड्यांनी बघावं तर थेंब पुन्हा टपोरा. याला कारखान्यात सगळे एकच शब्द वापरत: नळी विसरली. माल परत आला की मोठ्या बाई, म्हणजे कारखान्याच्या मुख्य, कपाळाला हात लावून विचारत, आज किती विसरल्या?

धाकटीला या कामावर आणलं ते थोरलीनं, तिच्या मोठ्या जावेनं. दोघी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. जावाजावांचा हेवादावा सगळ्या जगाला ठाऊक, तेव्हा यांच्याही घरी आज ना उद्या भांडी वाजतील म्हणून शेजारणी कान टवकारून बसल्या होत्या. त्यांची चांगलीच निराशा झाली. झळीच्या पेटीवर थोरलीची हयात गेली होती. तिनं धाकटीला बोट धरून शिकवलं: हातमोजे कसे चढवायचे, नळी कुठं धरायची, थेंब किती उंचीवरून सोडायचा. धाकटीचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा तिच्या उशाशी बसून राहिली ती थोरलीच. सख्खी आई आली आणि परत गेली, पण थोरली हलली नाही. धाकटी तिला ताई म्हणायची आणि मनातून तिच्यावर मान टाकून निर्धास्त होती.

आणि मग धाकटीला एक गोष्ट सापडली. नळ्यांना एकदाच जोरात झळ देण्यापेक्षा दोनदा हलकी झळ दिली, मध्ये थोडा विसावा दिला आणि त्या विसाव्यात प्रत्येक नळी हातानं उलटून ठेवली, तर नळ्या विसरत नाहीत. तिनं चोरून ठेवलेल्या काही नळ्या गोदामात कितीतरी दिवस पडून होत्या, तरी थेंब चपटाच. ही गोष्ट तिनं सगळ्यांत आधी कुणाला सांगितली असेल? थोरलीला. थोरलीनं हातातली नळी उलटून बघितली, मग म्हणाली, छान झालं की गं, सांग बाईंना.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की नीट मोठी चाचणी करा. साधली तर सगळा कारखाना या रीतीनं चालेल, चाचणीघर धाकटीच्या हाती जाईल. नाही साधली तर हा नाद सोडायचा, कारण वीज आणि वेळ फुकट घालवायला आपण काही राजे नाही. आणि पॅकिंगमध्ये माणसं कमी आहेत, तिकडं जायचं. धाकटीला पॅकिंगची लाज नव्हती. पण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिचं स्वतःचं होतं, आणि ते कचऱ्यात गेलं तर ती ते पुन्हा उचलू शकणार नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं.

याच दिवसांत थोरलीनं तिला ती डबी दिली. चाचणीघरातल्या बायकांचे हात म्हणजे वाळल्या चिखलाची जमीन. दिवसभर स्पिरिटनं पुसायचं, साबणानं धुवायचं, आणि वर मलम लावायला बंदी. बाजारच्या मलमांत बहुतेक सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉनचा नुसता वास लागला तरी नळीवर पाणी ठरत नाही. मोजे घालताना बोटं मोज्याला बाहेरून लागतातच, तेवढंही पुरतं. चालतं ते फक्त ग्लिसरीन, कारण ते पाण्यासरशी निघून जातं. धाकटीच्या बोटांतून रक्त यायला लागलं होतं. थोरलीनं स्वयंपाकघरात तिचा हात हातात घेतला, भेगा बघितल्या आणि छोटी डबी पुढं केली. घरीच केलंय, ग्लिसरीन आणि थोडी तांदळाची खळ, मीही तेच लावते, म्हणाली.

लग्नाच्या फोटोवर थेंब ठेवणाऱ्या बाईनं त्या डबीवर मात्र थेंब ठेवला नाही. तिच्या मनातसुद्धा आलं नाही. थोरलीचं पाणी जोखायचं, ही कल्पनाच तिला शिवली नव्हती.

चाचणी सुरू झाली आणि पहिल्या खेपेलाच नळ्यांवर थेंब मण्यांसारखे उभे राहिले. नळ्या विसरल्याही नव्हत्या, त्यांनी मुळी शिकायलाच नकार दिला होता. धाकटीनं वायूची टाकी बदलली. पाणी बदललं. पुसायची फडकी उकळली, पेटी आतून खरवडली, दुसऱ्या गोणीतलं प्लास्टिक मागवलं. खेपेमागून खेप तशीच. मोठ्या बाई पडद्याकडे बघत आणि वहीत एक फुली मारून निघून जात, आणि ती फुली तिला बोलण्यापेक्षा जास्त लागायची. जेवण जाईना. आपण आधी जे बघितलं ते खरं होतं की आपल्याला हवं होतं म्हणून दिसलं, असं वाटायला लागलं.

संध्याकाळी थोरली तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. अगं, प्लास्टिक ते प्लास्टिक, त्याच्या जातीवर जाणारच, तू जिवाला लावून घेऊ नकोस, म्हणायची. आणि मग आठवणीनं विचारायची, हाताला लावतेस ना?

बाईंनी दिलेल्यांतली शेवटची खेप उरली होती. आदल्या संध्याकाळी धाकटी घरी मोरीत हात धूत होती. साबण लावला, धुतला, आणि नळाखाली हात धरला तर मनगटावर पाण्याचे थेंब टपोरे उभे. तिनं पुन्हा साबण लावला. पुन्हा तेच. तिच्या मनाला कळायच्या आधी डोळ्यांना कळलं. ग्लिसरीन एवढं धुतल्यावर हातावर राहत नाही. जे राहतं ते एकच, सिलिकॉन.

तिनं काचेचा एक तुकडा धुतला, अर्ध्यावर डबीतलं चोळलं, साबणानं चोळून धुवून टाकलं आणि दोन्ही बाजूंना एकेक थेंब सोडला. नुसत्या काचेवरचा पसरून काचेला मिळून गेला. दुसरा मोत्यासारखा उभा राहिला. असला गुळगुळीत, चिवट लेप तिच्या ओळखीचा होता. साचेखात्यात साच्याला प्लास्टिक चिकटू नये म्हणून लावतात, तो. कारखान्याच्या पिंपातून काढून, घोटून, डबीत भरून कुणीतरी घरी आणला होता. चुकून होण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. धाकटीला रडू आलं नाही, नुसती किळस आली, स्वतःच्या हातांची.

थोरली स्वयंपाकघरात भांडी घासत होती. धाकटी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हात दाखवा."

थोरलीनं हसत विचारलं, काय गं, भविष्य बघतेस की काय? आणि ओला हात पुढं केला. धाकटीनं तो फडक्यानं टिपला आणि तळव्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब क्षणभरही उभा राहिला नाही. पसरला आणि भेगाभेगांतून आत गेला. चरचरलं असणार, कारण थोरलीची बोटं आखडली. मग धाकटीनं आपला हात त्याच्याशेजारी धरला आणि त्यावर तसाच एक थेंब सोडला. तो उभा राहिला, दिव्याच्या उजेडात गोल.

थोरलीच्या हाताला ते मलम कधी लागलंच नव्हतं. एवढ्या भेगा सोसल्या बाईनं, पण डबीला बोट लावलं नाही.

समजावून सांगायला काही उरलंच नव्हतं. हे थेंब वाचायला धाकटीला जिनं शिकवलं, तीच समोर उभी होती.

"तू आलीस तेव्हा थेंब कसा सोडायचा तेही तुला येत नव्हतं," थोरली म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी इतकी वर्षं त्या पेटीपुढं काढली. सगळे म्हणायचे नळ्या विसरतात. तू दाखवलंस, की नळ्या विसरत नाहीत, मला झळ नीट देता येत नव्हती म्हणून विसरतात. मी काय तोंड दाखवणार होते?"

"मला सांगायचं होतंत," धाकटी म्हणाली. "मी सोडून दिलं असतं."

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे थोरलीलाही माहीत होतं. म्हणूनच तिनं सांगितलं नव्हतं. धाकटीनं दयेनं सोडून दिलेलं घेणं तिला जड गेलं असतं. केसानं गळा कापणं त्या मानानं सोपं.

सकाळी धाकटी मोठ्या बाईंकडे गेली. माझ्या हाताला सिलिकॉन होतं, एकवार पुन्हा करू द्या, कोरे हात आणि दुसऱ्या बाईनं चढवलेले मोजे घालून करते, एवढंच म्हणाली. मोठ्या बाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"थेंबूताई, तू? तू थेंब ठेवून बघितला नाहीस?"

"घरातलं होतं," धाकटी म्हणाली.

मोठ्या बाईंनी पुढं विचारलं नाही. त्यांचंही घर होतं.

ती खेप साधली. नळ्यांवर पाणी असं पसरलं की थेंब शोधावा लागे, आणि गोदामात पडून राहिल्यावरही तसंच पसरलं. चाचणीघर धाकटीच्या हाती आलं. सगळ्यांनी हात मिळवले, थोरलीनंही. धाकटीला वाटलं होतं त्या दिवशी आपल्याला आनंद होईल. झाला नाही. तिच्या मनात राहून राहून ते जुने दिवस येत होते, उशाशी बसलेली थोरली, कपाळावरचा तिचा हात. तो हात खरा होता का? खराच असणार. पण आता तो जोखल्याशिवाय घेता येत नव्हता, आणि मागं जाऊन त्याच्यावर थेंब ठेवायची सोय नव्हती. थोरलीनं नळ्या नासवल्या त्याचं काही नाही, नळ्या पुन्हा करता येतात. तिनं ते दिवस नासवले, त्याचा राग धाकटीच्या पोटात धगधगत राहिला.

तिनं घरी कुणाला सांगितलं नाही. सांगून घर फुटलं असतं आणि सासूबाईंनी दोघींनाही दोष दिला असता, तो त्यांचा न्याय जुनाच होता. स्वयंपाकघर एकच, कारखान्याचा रस्ताही एकच. दोघी पूर्वीसारख्याच बरोबर निघत, बरोबर येत. शेजारणी अजून म्हणत, काय बाई या जावा, जशा काही बहिणीच.

थंडी पडली आणि धाकटीचे हात पुन्हा फुटले. एका संध्याकाळी घराशी आल्यावर ती कुलूप काढत होती. किल्ली फिरवताना बोटाची भेग उघडली आणि रक्ताचा ठिपका आला. थोरलीनं तो बघितला आणि सवयीनं, खऱ्या मायेनं, तिच्या तोंडून गेलं, "अगं, हाताला काहीतरी लावत जा गं."

म्हणता म्हणता ती थांबली. ती विसरली होती.

धाकटीनं दार उघडलं, हात पदराखाली घेतले आणि तिला आधी आत जाऊ दिलं.