वरचं बटण

मी व्हिडिओ गेम खेळत नाही. आयुष्यात एकदाही खेळलेली नाही. तरी कुठला गेम चांगला आणि कुठला टाकाऊ, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. कारण गेम कुठलाही असो, हातातला कंट्रोलर शेवटी दुरुस्तीला माझ्याच टेबलावर येऊन पडतो. एकोणीस वर्षं ते उघडतेय मी. डावी दांडी ढिली झाली असेल तर पळापळीचा खेळ. मागचं बटण तुटलं असेल तर गोळीबाराचा. आणि कोपऱ्याचा टवका उडाला असेल तर समजायचं, माणूस हरला आणि भिंत जवळ होती.

'नदीपार' हा गेम तर माझा अन्नदाताच. एक नावाडी, एक नदी, मधे सात भोवरे. भोवऱ्यात सापडलात की परत पहिल्या काठावर, अगदी पहिल्यापासून सुरू. सहा भोवरे पार करून सातव्यात बुडालेला माणूस कंट्रोलरचं काय करतो, ते मला विचारा. पहिला भाग आला त्या वर्षी महिन्याला साठ-साठ कंट्रोलर यायचे. एकानं तर दोन तुकडे दोन खिशांतून काढून दिले होते, वर विचारतो, "होईल ना हो?"

दुसरा भाग माझ्या भाचीनं केला. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, घरात आम्ही तिला मिरी म्हणतो. चणीनं लहान आणि झोंबायला तयार. तिनं त्यात एक नवीन गोष्ट घातली. बुडायला लागलात की सगळ्यात वरचं बटण दाबायचं. काठावरून एक म्हातारा हात देतो आणि बुडालात तिथूनच पुढे जाता येतं. बास, एवढंच. पण त्यावरून जो गदारोळ उठला म्हणता! इंटरनेटवर लोकांनी तिला धू धू धुतलं. म्हणे, खेळाचा पाळणा करून टाकला.

सोमवारी तिच्या ऑफिसात बैठक होती. तिसऱ्या भागात हा हात ठेवायचा की काढायचा, ते ठरणार होतं. काढला तर मिरीला या गेमवरून उचलून दुसरीकडे टाकणार, हेही तिला आडून सांगून झालं होतं. म्हणून शनिवारी ती दुकानात येऊन माझ्या टेबलाच्या टोकाला बसली होती. चहा गार करत.

काउंटरवर नेहमीची जोडी भांडत होती. एक बसड्रायव्हर, माझं जुनं गिऱ्हाईक. दुसऱ्या समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टर.

"खेळ म्हणजे पहिला भाग!" ड्रायव्हर काउंटरवर थाप मारून म्हणाले. "सातवा भोवरा पार केला तेव्हा गॅलरीत जाऊन ओरडलो होतो मी. शेजारी धावत आले, काय झालं म्हणून."

"आणि त्याआधी किती कंट्रोलर फोडलेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार. ताईंना विचारा."

"पाच," मी म्हटलं.

"अहो, पण त्या पहिल्यात आहे काय?" डॉक्टर म्हणाल्या. "एकच नदी, एकच रंगाचं पाणी, नावाडी तोंडातून शब्द काढत नाही. दुसऱ्यात तीन नद्या आहेत. वारा फिरला की प्रवाह फिरतो. नावाड्याला घर आहे, भाऊ आहे, त्याच्याशी अबोला आहे."

"गोष्ट हवी तर पुस्तक वाचावं माणसानं. बुडायची भीतीच नाही तर नदी कशाला म्हणायचं? बादली म्हणा!"

"तिसरी नदी उगाच लांबवलीय, ते मला मान्य आहे. शेवट तर पार फसलाय. पण तो हात? तो तर त्या गेमचा जीव आहे."

"हात म्हणे! माझ्या कंट्रोलरवर 'नदीपार'शिवाय दुसरा गेम कधी चढला नाही, कळलं? मी सांगतो, त्या हातानंच घात केला."

मिरी मान खाली घालून ऐकत होती. ती कोण, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. आता निकाल माझा.

आणि मी दिला. मला कुठे धीर असतो! उचलली जीभ लावली टाळ्याला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी म्हटलं. "पहिल्या भागाच्या वेळी महिन्याला साठ कंट्रोलर यायचे. दुसरा येऊन चार महिने झाले, महिन्याला अकरासुद्धा धड येत नाहीत. आले असते की, लोक खेळत असते तर! विकत घेतला असेल, पण खेळत कोणी नाही."

ड्रायव्हरांनी विजयी मुद्रेनं डॉक्टरांकडे पाहिलं. मिरी कप ठेवून उठली.

"बरोबर आहे तुझं, मावशी," ती म्हणाली. "सोमवारी मीच सांगते, काढा म्हणून."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण खरं ते खरं, असं मनाशी म्हणून मी पुढचा स्क्रू काढायला घेतला. माझ्या कामाचा मला गर्वच तेवढा.

सोमवारी दुकान उघडते तोच ड्रायव्हर हजर. त्यांची सुट्टी होती. कागदात गुंडाळलेला कंट्रोलर हळूच पुढे सरकवला.

"जरा बघा. वरचं बटण लागत नाहीये."

कंट्रोलर एकदम धडधाकट. टवका नाही, चीर नाही. वरच्या बटणावरची खूण मात्र घासून पार पुसलेली. उघडला. बटणाखाली रबराची चकती असते, ती इतकी झिजली होती की उजेडात धरली तर आरपार दिसेल. पहिल्या भागात या बटणाला कामच नव्हतं. नकाशा उघडायचा, तोही कोणी उघडत नसे.

मी चकती चिमट्यात धरून त्यांच्या नाकासमोर नेली. "हे काय हो?"

"पुतण्या खेळतो," ते म्हणाले.

"पुतण्या? अहो, तुम्हाला भाऊ तरी आहे का?"

त्यांचा चेहरा पडला. मग खुर्ची ओढून बसले. "ताई, दिवसभर बस चालवतो. पुढच्या शिव्या, मागच्या शिव्या. घरी आल्यावर परत पहिल्यापासून सुरू कर म्हणणारा गेम आता नको वाटतो. तो म्हातारा हात देतो ना, तेव्हा बरं वाटतं. रोज खेळतो मी. पण चारचौघांत कसं सांगू?"

"आणि आपटला नाहीत एकदाही?"

"आपटायला राग तर यायला हवा!"

मी चिमटा खाली ठेवला. अगं बाई! लोक खेळत नव्हते असं नाहीच. खेळत होते, पण आपटत नव्हते. माझ्याकडे न आलेले ते सगळे कंट्रोलर घरोघरी सुखात होते, आणि मी त्यांना मेलेले समजून बसले होते. एकोणीस वर्षांची अक्कल, आणि तुटलेलं तेवढंच मोजत आले!

दुसऱ्या भागावाल्यांचे पाच कंट्रोलर कपाटात होते. भराभर उघडले. पाचांपैकी चारांत वरची चकती झिजलेली. मिरीला फोन लावला, तो बंद. बैठक सुरू झाली असणार.

"उठा," मी ड्रायव्हरांना म्हटलं. "शनिवारी इथे बसली होती ती माझी भाची, तो हात तिनंच घातलाय. आज मला तिच्या ऑफिसात न्यायचं आणि तिथे तोंड उघडायचं."

"मी? तिथे काय बोलू?"

"आत्ता बोललात तेच."

ऑफिसात दारावरच्या मुलीनं अडवलं. मी म्हटलं, दुरुस्तीवाली आहे. खोटं नव्हतंच ते. आत लांब टेबलाभोवती सात माणसं बसलेली. मिरी पडद्यासमोर उभी आणि पडद्यावर हे एवढाले आकडे: साठ आणि अकरा. माझेच. तो हात तिचाच, आणि मी दिलेल्या आकड्यांनी ती स्वतःच तो उपटून टाकत होती.

"तो आकडा माझा आहे," मी दारातूनच म्हटलं. "आकडा खरा आहे, पण मी चुकले."

हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघत नाहीत. मिरीला ते ठाऊक आहे. तिचं तोंड उघडंच राहिलं.

मी झिजलेल्या चकत्या, ड्रायव्हरांची एक आणि कपाटातल्या चार, टेबलावर ओतल्या आणि सगळं सांगितलं. मोठे साहेब एक चकती उजेडात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "हा हात तिसऱ्या भागात ठेवला तर तुमच्याकडे आणखी कमी कंट्रोलर येतील. लक्षात आलंय ना तुमच्या?"

"आलंय की. माझ्याच पोटावर पाय. पण चकत्या बदलायला येतीलच लोक, आणि न फुटलेला कंट्रोलर उघडण्यात मजा वेगळी असते."

"आणि हे कोण?"

"हे? हे दुसऱ्या भागाला सगळ्यात जास्त शिव्या घालणारे."

ड्रायव्हरांनी टोपी काढून हातात धरली. घसा खाकरला. "ती पहिली चकती माझी आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "मी रोज खेळतो. हात काढू नका." त्यांचे कान लाल झाले होते.

साहेबांसमोरच्या कागदावर 'हात काढणे' असं लिहिलेलं होतं. त्यांनी पेन्सिल उचलली, त्यावर आडवी रेघ मारली, आणि मिरीला म्हणाले, "बोला."

मिरीनं डोळे पुसले. "मी माझं सगळं चुकीचं मांडलं," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून सांगते."

"पहिल्यापासून कशाला?" दाराजवळून ड्रायव्हर म्हणाले. "थांबलात तिथूनच सांगा की."