तळमजल्यावरची गावची खोली

खाली

सभा असली की कोंडीराम खाली येतो.

संयुक्त महाराष्ट्र समितीची पोरं तिसऱ्या माळ्यावर धावत जातात, खुर्चीसकट त्याला उचलतात आणि "डावीकडे, अरे डावीकडे, मेल्या भिंत आहे ती" असं ओरडत रस्त्यावर आणून टेकवतात. खुर्ची गिरणीतल्या फिटरांनी बनवलेली. वेताची आरामखुर्ची, दोन्ही बाजूंना सायकलची चाकं. मैदानात ती व्यासपीठावर चढवतात. छप्पनच्या जानेवारीत ज्याच्या पाठीत गोळी शिरली तो हा आमचा कोंडीराम, असं वक्ता सांगतो. लोक घोषणा देतात. कोंडीराम हात वर करतो. कमरेच्या वरचं सगळं त्याला जमतं.

सभा संपली की पोरं त्याला पुन्हा

वर

नेतात. मग पुढची सभा होईपर्यंत तो वरच.

संडास माळ्याच्या टोकाला, तीन पायऱ्या चढून. तिथं घोषणा नसतात, फक्त बकुळा असते, त्याची बायको. ती त्याला पाठुंगळी घेते. मुलगी अंबिका टमरेल घेऊन पुढं चालते आणि रांगेतल्यांना सांगते, "बाजूला व्हा, माझे बाबा येतायत."

त्या पायऱ्यांवर एकदा बकुळा त्याच्यासकट पडली. मनगट सुजलं. त्याच मनगटावर खाणावळ चालते; गावचे गडी पाळी सुटली की तिच्याकडं वर जेवायला येतात.

"खालची खोली बघायला हवी," ती म्हणाली.

"खाली काय ठेवलंय?"

"जमीन."

दारोदार

तिला तीन गोष्टी हव्या होत्या. खोली जमिनीवर असावी. चाळ बायकामुलांची असावी. ट्राम जवळ असावी, कारण पाठीची जखम धुवायला दर आठवड्याला परळच्या इस्पितळात जावं लागे. दुपारची भांडी घासून झाली की ती निघायची.

प्रभादेवीची खोली म्हणाली, ये बाई, तळमजलाच आहे, फक्त दारापुढं उघडं गटार आहे, त्यावर फळी टाक, आणि फळी चोरीला गेली तर मला विचारू नको. डिलाईल रोडची खोली म्हणाली, माझ्याकडं गटार नाही, पण पाणी शिरतं म्हणून मला चार पायऱ्या उंच बांधलीय. दादरची खोली छान होती, ट्रामचा थांबा कोपऱ्यावर. ती म्हणाली, इथं नोकरदार लोक राहतात, खाणावळ नको, सुक्या मासळीचा वास भिंतीत बसतो. गिरगावची खोली बोललीच नाही. तिच्या आधी मालक बोलला. "गोळी लागली ते तुमचेच यजमान का? हात जोडतो बाई, मोठं काम केलंत. पण उद्या पोलीस चौकशीला आले तर?"

आणखी एक खोली होती, अगदी रस्त्याला सपाट. शेजारी हातभट्टीचा गुत्ता. खोलीनं अंबिकेकडं पाहिलं आणि म्हणाली, या पोरीला घेऊन इथं येऊ नकोस.

आणि लालबागला गावची खोली होती. म्हणजे गावच्या मंडळानं भाड्यानं घेतलेली. बायको गावाला ठेवून मुंबईत आलेले गडी तिथं राहत, पाळीपाळीनं झोपत. तळमजला. दारासमोर फरसबंद अंगण, अंगणातच संडास, एकही पायरी नाही. चाळीत वर सगळी बिऱ्हाडं. ट्रामची घंटा आत ऐकू येई. बकुळेनं दोरीनं दार मोजलं. खुर्ची जात होती.

तिनं मंडळाला निरोप पाठवला. आमची वरची खोली तुम्ही घ्या, तुमची खालची आम्हाला द्या. दोन्ही खोल्या सारख्याच.

बैठक

खोलीत बाईनं जायचं नाही, म्हणून ती अंगणात उभी राहिली. मंडळाचे अध्यक्ष तात्या दाराशी बसले.

"आज तुला दिली, उद्या प्रत्येक जण बायको आणेल. मग गावाहून नवीन पोर आला तर उतरेल कुठं?"

"तिसऱ्या माळ्यावर," आतून गणपत म्हणाला. हा गिरणीत कोंडीरामच्याच खात्यातला. "पाय असतील ना त्याला."

"तू गप रे. आणि कोनाड्यातला नारळ? गावच्या देवाला गाऱ्हाणं घालून ठेवलेला आहे तो. नारळ आहे तिथं बाईमाणसानं राहायचं नाही, हे आमच्या बापजाद्यांपासून ठरलेलं."

"मग नारळ वर न्या," बकुळा म्हणाली. "त्याला कुणी पाठुंगळी घ्यायला नको."

कुणीतरी हसलं. तात्या हसले नाहीत. "नारळ हलवायचा तर गावी देवाला कौल लावायला लागतो गो. गंमत नाय ती."

"लावा की."

"शिमग्याला जाऊ तेव्हा लावू."

"गोळी लागली तेव्हा कुणी कौल लावला होता?"

 मग तात्या मऊ आवाजात बोलले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"कोंडीराम आमचा आहे. गडीमाणूस आहे. त्याला आम्ही उद्याच आत घेतो. भिंतीकडची जागा देतो. संडासाला नेऊ, इस्पितळात नेऊ. तू आणि पोर वर राहा. त्याचा डबा तेवढा पाठव."

सगळ्यांना हे पटलं. गणपतलाही.

"मी घर मागायला गेले," बकुळेनं कोंडीरामला सांगितलं, "त्यांनी वळकटीची जागा दिली."

तो तिच्या मनगटाकडं बघत होता. "जातो मी," तो म्हणाला.

जमिनीवर

आता तो रोज अंगणात येतो. एकटा, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत. ट्राम बघतो. एकदा गडी त्याला ट्रामपर्यंत घेऊन गेले. कंडक्टर म्हणाला, माणूस घेतो, खुर्ची घेत नाही. मग माणूस चढला आणि खुर्ची घेऊन एक जण इस्पितळापर्यंत चालत गेला. त्याचा खाडा झाला. पुढच्या आठवड्यात कुणाला सवड नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यात कुणी विषय काढला नाही.

शिमगा झाला. तात्या गावाहून परत आले.

"कौल?"

"पालखीची गर्दी होती गो. राहून गेलं."

बकुळा डबा घेऊन येते. ती अंगणात, तो खुर्चीत. अंबिका त्याच्या मांडीवर बसते, त्याला कळत नाही. खाली बघितल्यावर कळतं. मग कुणीतरी पाळीवरून येतं, झोपायचं असतं, खुर्ची वाटेत असते.

डबा अर्धा भरलेला परत येऊ लागला. बकुळेनं मीठ बघितलं. मसाला कमी केला. भाकरीऐवजी भात दिला. तरी अर्धा. शेवटी तिनं जेवायला आलेल्या गणपतला जिन्यात थांबवलं.

"त्यांचं पोट बिघडलंय का, भावोजी?"

गणपतनं कठडा धरला. "पोट ठीक आहे, वहिनी." मग म्हणाला, "दिवसा खोलीत कोण असतं? रातपाळीवाले. मेल्यासारखे झोपलेले. खुर्चीतून उचलून संडासात बसवायला कोंडीराम कुणाला उठवत नाही. जेवलं की जावं लागतं ना माणसाला."

 गणपतला तिनं रोजच्यासारखं वाढलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कोंडीरामच्या डब्यात एकच भाकरी घातली, म्हणजे अर्धं परत पाठवावं लागून त्याला वाईट वाटू नये.