फारच स्वच्छ पाणी

"बाबा, चहाच्या गाळणीतून काय गाळताय हे?" लेक दारातूनच ओरडली.

"शेवाळ. गाळणी जुनी आहे, घाबरू नकोस," घड्याळजी म्हणाले आणि बाटली दिव्याखाली सरकवली. "ते परत एकत्र येतंय का, ते बघायचंय."

जन्मभर दुसऱ्यांची बंद पडलेली घड्याळं उघडून बघितलेला हा माणूस. न कळणारी गोष्ट समोर आली की त्याला चैन पडत नसे. बैठकीतल्या माशांच्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीने तर त्यांची झोपच उडवली होती. वाळूवर, दगडांवर तपकिरी चिकट थर चढला होता, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. सकाळी जरा विरळ दिसायचा, दुपारी पुन्हा हजर! आता तो प्रवाळाच्या बुंध्याला भिडला होता.

प्रवाळ बायकोचं. नखाएवढा तुकडा आणून तिने तो बशीएवढा वाढवला होता. ती गेली आणि टाकी यांच्या गळ्यात पडली. घड्याळजींना एकच ठाऊक होतं, मळ दिसला की काढायचा. ते सारखं पाणी बदलत, वाळू उपसून धूत, माशांना चिमटीने खाणं घालत. तरी शेवाळ वाढतच होतं.

"दुकानात देऊन टाका सगळं," लेक म्हणाली. "आईचं प्रवाळ तुमच्या डोळ्यांदेखत मेलेलं सोसणार आहे का तुम्हाला?"

सोसणार नव्हतंच. म्हणून तर माशांच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलेली ही परीक्षा चालली होती. शेवाळ बाटलीत खळखळून हलवायचं, गाळायचं आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवायचं. साधं असेल तर विखुरलेलंच राहील. जिवंत, पोहणारं असेल तर पुन्हा गोळा होईल.

"बाबा, परत गोळा होतंय, दोरे धरतायत बघा!"

भांडायला आलेल्या लेकीने पर्स खाली ठेवली आणि माळ्यावरून आपला शाळेतला सूक्ष्मदर्शक काढला. एक थेंब काचेवर घेऊन तिने डोळा लावला. "अय्या, तिळासारखे आहेत. आणि गिरक्या घेतायत!"

"सरक, मला बघू दे." घड्याळजी बराच वेळ वाकून राहिले. एक पाय खिळ्याला बांधल्यासारखा एकेक तीळ जागच्या जागी फिरत होता. "किल्ली कोण देतं गं यांना?"

घड्याळजींनी दुकानातल्या बाईंना फोन लावला. "काका, पाणी तपासलंत का?"

"तपासलं की! नायट्रेट नाही, फॉस्फेट नाही, काही म्हणता काही नाही," घड्याळजी ऐटीत म्हणाले.

"तिथेच तर घोडं पेंड खातंय. तेच तर शेवाळाचं खाणं. ते नाही म्हणून साधं हिरवं शेवाळ उपाशी मेलं आणि मोकळ्या जागेवर हे येऊन बसलं. दोन-तीन दिवस दिवे बंद ठेवा. पाणी बदलू नका, माशांना हात सैल सोडून घाला. टाकी जरा मळू द्या."

फोन ठेवून घड्याळजी खाली बसले. बायको माशांना मुठीने घालायची आणि ते खेकसायचे, घाण करतेस टाकी. काचही ती कधी सगळी पुसत नसे. आपल्या खुर्चीसमोर हाताच्या पंजाएवढी जागा तेवढी साफ ठेवायची.

"टाकीला मीच उपाशी मारत होतो गं," ते लेकीला म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं. लेकीने माशांच्या खाण्याचा डबा त्यांच्या हातात दिला.

तपकिरी थर हटायला महिने गेले. मध्ये प्रवाळाची एक कड पांढरी पडली, ती पडलीच. बाकीचं मात्र पुन्हा फुललं, आणि काचेवर हिरवी साय धरली.

"केवढी मळलीय काच!" लेक फडकं घेऊन आली. "पुसून काढू?"

"आण इकडे."

त्यांनी बायकोच्या खुर्चीसमोर पंजाएवढी जागा पुसली आणि फडकं परत दिलं. मग ते त्या खुर्चीत बसले. बायको ठेंगणी होती, तिच्या उंचीची ती जागा त्यांना जरा खालीच आली. ते वाकून आत बघू लागले.