फळ्यावरचं गाव

थोयानं फळ्यावर खडूनं 'आज काय कराल?' असं लिहिलं आणि हात तिथंच थांबला. केनियाच्या किनाऱ्यावर, मालिंदीच्या एका हॉटेलात बावीस वर्षं तो रोज सकाळी हेच लिहीत आला होता. आठला काचेच्या तळाच्या होडीतून मासे, साडेनऊला गेदे या जुन्या शहराचे पडके दगड, चारला शिडाची सफर, संध्याकाळी नाच. पाहुण्यांनी दिवसभर काय करायचं ते थोया सांगणार, आणि थोयानं काय करायचं ते मॅनेजर.

आज अकराला गावाकडे त्याच्या बापाला पुरायचं होतं. थोया थोरला. पहिली मूठ माती थोरल्यानं टाकायची, तोवर दुसऱ्या कुणी मातीला हात लावायचा नाही, ही त्यांच्या घराची रीत.

दोन दिवस तो रजेसाठी मॅनेजरच्या दारात उभा होता. पण मुख्य कचेरीच्या कागदावर थोयाचा बाप तीन वर्षांपूर्वीच मेलेला. तेव्हा चुलता गेला होता आणि यानं अर्जात सरळ 'वडील' असं भरलं होतं. लबाडी कसली त्यात? बापाचा भाऊ तो बापच. खांद्यावर घेतो तोच, कानफटातही देतो तोच.

मॅनेजर किप्रोनो डोंगराकडचा, माणूस वाईट नव्हता. "थोया, मलाही चार बाप आहेत," तो म्हणाला होता. "पण कागदाला एकच चालतो, आणि तो तू वापरून बसलास." त्यात नाताळची गर्दी. रजेशिवाय गेलास तर परत येऊ नकोस, असं वरूनच आलं होतं. घरी तीन पोरं शाळेत जाणारी. दगडाखाली हात अडकलेला माणूस ओढून ओढून किती ओढणार!

थोयानं बाहीनं गेदे पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'गिरियामा गाव, साडेनऊ ते एक.' गिरियामा म्हणजे त्याचीच जमात, आणि गाव त्याचं स्वतःचं.

आठ इटालियन पाहुण्यांनी नावं दिली. हॉटेलचा फुलाफुलांचा सदरा, छातीवर नावाची पट्टी, अशा अवतारात थोया बापाच्या मातीला पोचला. नारळाखाली बायका रडत बसल्या होत्या. धाकटा भाऊ गोना फावडं टेकून उभा होता. त्यानं गाडीतून उतरणारी माणसं एकेक करून पाहिली.

"दादा, ही वरात कुणाची?"

"माझीच," थोया म्हणाला. "ही आली म्हणून मी आलो."

त्यानं पाहुण्यांना कॅमेरे आत ठेवायला सांगितले. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईनं हळूच विचारलं, कोण गेलं? थोयाच्या घशाशी खरं आलं होतं. पण हॉटेलची गाडी घरच्या कामाला वापरली हे किप्रोनोच्या कानावर गेलं असतं, तर सगळंच संपलं असतं.

"गावातला एक म्हातारा," तो इटालियनमध्ये म्हणाला. ती भाषा आईला कळत नाही, याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

मग त्यानं वाकून मूठभर माती उचलली आणि चटईत गुंडाळलेल्या बापावर सोडली. बाईनं विचारलं, तुम्ही का टाकली? तो म्हणाला, रीत आहे, वाटाड्या आधी टाकतो.

बिचाऱ्यांना ते खरंच वाटलं. वाटाड्यानंतर पाहुण्यांची पाळी असणार, असं समजून आठही जण रांगेत उभे राहिले आणि चपला काढून, माना खाली घालून, एकेक मूठ टाकू लागले. गोनाची पाळी राहिली होती, आत्यांची राहिली होती. रडणं बंद पडलं. गोनानं फावडं उचललं तशी आई जागेवरूनच बोलली.

"टाकू दे त्यांना. दारात आलेत."

एकच्या आत ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. आईनं थोयाचा हात धरून ठेवला. "आज थोरल्यानं इथंच निजायचं असतं रे."

"चारला भरती आहे, आई," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. चारला त्यानं शीड उभं केलं आणि पाहुण्यांना डॉल्फिन दाखवले.

पाहुण्यांनी मात्र जाताना हॉटेलच्या वहीत भरभरून लिहिलं. असं खरं काही आम्ही कुठंच पाहिलं नाही, म्हणे. आठवडा व्हायच्या आत वरून हुकूम आला की हे गाव दर शुक्रवारी ठेवा, ते मातीचंही ठेवा. किप्रोनोनं कागद पुढे केला तेव्हा त्यानं थोयाकडे पाहिलं नाही. एव्हाना ड्रायव्हरकडून त्याला सगळं कळलं होतं. थोयानं खडू उचलला.

शुक्रवारी गाडी थांबली तेव्हा अंगण झाडलेलं होतं. सावलीत चटया घातल्या होत्या. गोना पाठ फिरवून शेळ्यांकडे निघून गेला. आई थडग्यापाशी बसली होती आणि तिच्याजवळ ओढ्याकाठची मऊ माती भरून ठेवलेली टोपली होती.

"किती जण आहेत आज?" तिनं विचारलं.

"अकरा."

आईनं टोपलीतली माती हातानं सारखी केली. ती पुरेल असं तिला वाटलं असावं. पाहुणे मागं रांगेत उभे राहिले होते. तिनं टोपली थोयाकडे सरकवली.

"आधी तू घे," ती म्हणाली. "थोरला आहेस."