न वाचलेल्या कादंबरीतला प्रसंग

थोरलीने हातातला चिमुकला स्क्रूड्रायव्हर काउंटरवर ठेवला आणि तेच पान पुन्हा वाचलं. समोर गिऱ्हाइकाचा चष्मा एका काडीवर आडवा पडला होता, त्याचं तिला भान नव्हतं. प्रसंग कादंबरीत होता. मध्यावर, चांगला दीड पानभर. आणि तो तर तिने स्वतः, आपल्या मनाने रचलेला होता.

त्यांच्या वाचकगटाची एक रीत होती. नव्या कादंबरीची शिफारस करणाऱ्याने कथानक सांगायचं नाही. त्यातला एकच प्रसंग आपल्या शब्दांत सांगायचा आणि तो बाकीच्यांना भावला तरच पुस्तक मागवायचं. गेल्या बैठकीत पाळी थोरलीची होती. कादंबरी नुकतीच बाजारात आलेली, दुकान सांभाळून वाचायला सवड कुठली? मागच्या कव्हरावरच्या चार ओळी तेवढ्या तिने वाचल्या आणि प्रसंग दिला ठोकून. भर दुपारी आजारी आई आतल्या खोलीतून हाक मारते. मुलगी धावत जाते, पाणी पाजते. आई हसते आणि डोळे मिटते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि पुस्तक एकमताने ठरलं. पुढे कुणी विचारलंच, तर दुसऱ्या पुस्तकाशी गल्लत झाली म्हणून वेळ मारून नेता आली असती.

पण छापलेल्या प्रसंगातली मुलगी उठतच नव्हती. आई हाका मारत होती आणि ती डोळे घट्ट मिटून पडून होती. रात्रंदिवसाच्या सेवेने थकलेली, थोडी चिडलेलीसुद्धा. मग हाका थांबत होत्या.

त्यांच्या आईच्या वेळी खरं तसंच घडलं होतं. धाकटीला मात्र तिने सांगितलं होतं, ‘मला गाढ झोप लागली होती गं, काही ऐकूच आलं नाही.’ धाकटी तेव्हा काही बोलली नव्हती. तेव्हापासून दोघी एकाच घरात राहत होत्या, एकाच दुकानात राबत होत्या. धाकटीशिवाय थोरलीला होतं कोण? आणि धाकटीही गटात होती. तिची प्रत तिला मिळालीही होती.

थोरली मागच्या खोलीत गेली. धाकटी मशीनवर काच घासत होती.

“पुस्तक कुठवर आलं गं?”

“झालं वाचून.”

तिने मान वर केली नाही.

रविवारी संध्याकाळी दुकान बंद करून खुर्च्या मांडल्या. भिंतींवरच्या चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा नेहमीसारख्याच रांगेने टक लावून होत्या. आज थोरलीला त्यांच्याकडे पाठ करून बसवेना.

“ताई, रागावू नका,” बेकरीवाल्याने सुरुवात केली, “पण तुमचा तो आईचा प्रसंग आहे तरी कुठे? मी दोनदा चाळलं पुस्तक.”

“मलाही नाही सापडला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मी तर त्याच्यासाठीच वाचत होते हो.”

“म्हणजे ताईंनी आपल्या सगळ्यांनाच शेंडी लावली!” निवृत्त सर म्हणाले, आणि हशा पिकला.

थोरलीचा जीव भांड्यात पडला. पण लगेच तिला आठवलं. सकाळीच तिने आपल्या प्रतीत ते पान पुन्हा पाहिलं होतं. होतं ते, जागच्या जागी होतं.

“गल्लत झाली असेल माझी,” ती कशीबशी म्हणाली. “दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकातला...”

“माझ्या प्रतीत आहे,” धाकटी म्हणाली.

हसणं विरलं. धाकटीने मांडीवरचं पुस्तक उघडलं. इतरांकडे न बघता तिने ते थोरलीपुढे सरकवलं.

“हाका येत असतात. मोठी मुलगी डोळे मिटून पडलेली असते.”

“अगं, ऐक माझं...”

“माझ्यात धाकटीही आहे, ताई. तिच्याच शेजारी आडवी झालेली. तीही जागीच असते.”