थोरल्या आणि धाकट्या देशाच्या याद्या

गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी दोन्ही देशांचं सगळं ठरलं. रडार किती, कुठे, कुणी बसवायचे, गॅस किती, कधीपासून कधीपर्यंत, सगळं. सह्या झाल्या, तोंडं गोड झाली.

असं काहीही घडलेलं नाही. त्या गुरुवारी अमेरिकेतल्या ॲन आर्बरला थंडी होती आणि एका गेस्ट हाऊसमध्ये काही मंडळी कॉफी प्यायली, एवढंच काय ते खरं. कुणी फारच खोदून विचारलं तर कॉफीसुद्धा नाही.

तर हे जे घडलं नाही, ते २००७ च्या ऑक्टोबरात घडलं नाही, आणि ते घडत नसताना यतीन तिथे टिपणं घेत बसला होता.

यतीन खामगावचा. पवनचक्क्यांवर पीएचडी करत होता. टिपणं घ्यायला ठरलेला अमेरिकन मुलगा सायकलवरून पडला, त्याचा हात प्लास्टरमध्ये गेला, आणि प्रोफेसरांनी यतीनला विचारलं, तुला फास्ट टाइप करता येतं का. येतं, म्हणाला. कशाची टिपणं, हे त्याने सही केल्यावर विचारलं. सही अशी होती की दोन्ही देशांची नावं तो आयुष्यात कुणाला सांगणार नाही. त्याने ती अजून सांगितलेली नाहीत, त्यामुळे आपणही एकाला थोरला देश म्हणू आणि एकाला धाकटा. दोघं मित्रराष्ट्रं. मित्रराष्ट्रांचं भांडण होत नसतं, म्हणून ते करायला ती तिसऱ्याच्या गावी आली होती.

भांडण असं, की धाकट्याला आपल्या किनाऱ्यावर चार रडार हवे होते. थोरल्यालाही ते तिथे हवेच होते, कारण तो समुद्र त्यालाही बघायचा होता. पण थोरल्याचं म्हणणं, तुम्ही मागा, म्हणजे आम्ही देऊ. धाकट्याचं म्हणणं, तुम्ही देऊ करा, म्हणजे आम्ही घेऊ. या एका मुद्द्यावर मंगळवार संपला. बुधवारी सकाळी गॅसचा विषय निघाला.

धाकट्याचा सगळा गॅस थोरल्याच्या पाइपलाइनमधून यायचा. मागच्या हिवाळ्यात थोरल्याला स्वतःलाच जास्त लागला, आणि धाकट्याकडचं प्रेशर अकरा दिवस पडलं. धाकट्यांच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख मार्टाबाई, वय साठीच्या आसपास, बसतानाही लोकरीची टोपी न काढणाऱ्या. त्यांची आई त्या अकरा दिवसांत गावच्या हॉस्पिटलात होती. तिथे नर्सेस सलाइनच्या बाटल्या काखेत धरून कोमट करत होत्या, असं मार्टाबाईंनी सांगितलं, आणि यतीनने ते टाइप केलं, आणि मग थोरल्यांच्या विनंतीवरून डिलीट केलं. बाईंना या टॉक्समधून एकच वाक्य घरी न्यायचं होतं: हिवाळाभर गॅस बंद होणार नाही. बाकी रडार मिळाले काय, नाही मिळाले काय, त्यांच्या आईला समुद्र दिसत नव्हता.

थोरल्यांचे प्रमुख बर्टन साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सलाइनचं ऐकल्यावर चष्मा काढून बराच वेळ पुसला. पण त्यांच्या मंत्र्याने बजावून पाठवलं होतं की 'हमी' हा शब्द कुठल्याही कागदावर दिसता कामा नये. फार तर 'शक्य ते सर्व प्रयत्न' इथपर्यंत त्यांची मजल जायची.

"प्रयत्नांनी हीटर लागत नाही, मिस्टर बर्टन," मार्टाबाई म्हणाल्या.

बर्टन साहेबांनी ते मान्य केलं आणि 'शक्य ते सर्व प्रामाणिक प्रयत्न' असं सुचवलं.

बुधवारी संध्याकाळपर्यंत मसुद्यात एकच वाक्य उभं राहिलं होतं. ते सव्वा पान लांब होतं, त्यात सात वेळा 'स्वागत' होतं, आणि गॅस आधी की रडार आधी यावर तडजोड म्हणून दोन्ही शब्द काढून टाकले होते. शुक्रवारी सकाळी सगळ्यांची विमानं होती.

यतीनच्या डोक्यातून त्या सलाइनच्या बाटल्या जाईनात. त्याने रूमवर येऊन कॉलिंग कार्डावरून खामगावला राजाराममामांना फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते, पण मामा उठलेले असणारच. मामा पोस्टातून रिटायर झालेले, आणि गेली तीस वर्षं पंचक्रोशीतल्या लग्नांच्या बैठकींत याद्या लिहायला त्यांना बोलावतात. दोन्ही पक्ष समोरासमोर बसतात, मध्ये मामा, आणि कुणी काय करायचं ते मामा लिहून काढतात. त्यांनी लिहिलेल्या यादीवरून मांडवात भांडण झालेलं कुणाला आठवत नाही.

गोपनीय असल्यामुळे यतीनने ते लग्न म्हणूनच सांगितलं. मुलाकडचे मोठे आहेत, मुलीकडचे मानी. मामांनी विचारलं, अडलंय कुठे. यतीन म्हणाला, मुलाकडच्यांना एक वस्तू द्यायचीच आहे, पण मुलीकडच्यांनी ती मागावी असं वाटतं. मामांनी विचारलं, वस्तू काय. यतीन म्हणाला, आहे एक, उंचावर बसवायची. मामा म्हणाले, पंखा का? यतीन हो म्हणाला.

"आणि मुलीच्या आजीला थंडी सोसत नाही, मामा. जळणाची सोय मुलाकडच्यांनी करावी असं त्यांचं म्हणणं. ते नाही म्हणत नाहीत, पण लिहूनही देत नाहीत."

मामा म्हणाले, "अरे, तुम्ही मान आणि सामान एकाच कागदावर लिहून राहिले. तो कागद नासणारच. सामानाची यादी वेगळी कर, मानपानाची वेगळी. सामानाच्या यादीत क्रियापदसुद्धा घालू नको. वस्तू, किती, केव्हा, कुणी. बस. माणसं क्रियापदावरून भांडतात." फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं की आजीला दमा आहे का, असेल तर सुंठ दे म्हणावं.

गुरुवारी जेवणानंतर सव्वा पानाच्या वाक्यात आठवं 'स्वागत' घालायचं की नाही यावर चर्चा अडली, तेव्हा यतीनने हात वर केला. टिपणं घेणाऱ्याने हात वर करण्याची पद्धत नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटलं त्याला बाथरूमला जायचंय. त्याने दोन कोरे कागद टेबलावर ठेवले. पहिल्यावर उभी रेघ मारून डावीकडे थोरले, उजवीकडे धाकटे असं लिहिलं, आणि मामांसारखं खाली मान घालून एकेक वस्तू विचारायला लागला. रडार, चार. घेणार कोण? धाकटे. बसवणार कोण? थोरले. बसवायला येणाऱ्या माणसांची उतरण्याची सोय? धाकटे. त्यांचं जेवणखाण? इथे पहिल्यांदाच दोन्ही बाजू एकमेकांचं ऐकून घ्यायला लागल्या. थोरल्यांच्या इंजिनिअरांना तिकडचं लोणच्यातल्या मासळीचं जेवण झेपत नाही, हे आजवर कुणी बोललंच नव्हतं.

दुसरा कागद मानपानाचा. त्यावर त्याने लिहिलं: थोरल्यांनी एकदा देऊ करावे. धाकट्यांनी एकदा मागावे. दोन्ही एकाच वेळी. ते तिथल्या तिथे उरकण्यात आलं. यतीनने तीन म्हटल्याबरोबर बर्टन साहेब "घ्या ना" आणि मार्टाबाई "द्या ना" असं एकदमच बोलले, त्यामुळे आधी कोण बोललं हे इतिहासाला कधीच कळणार नाही.

मग गॅस. मार्टाबाई म्हणाल्या, हिवाळाभर. मामा म्हणाले होते, केव्हा ते नक्की लिही. म्हणून यतीनने 'हिवाळाभर' लिहिलं नाही. त्याने लिहिलं: गॅस, पुरेसा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, थोरले.

बर्टन साहेबांनी ती ओळ तीनदा वाचली. "ही हमी आहे का?"

"नाही सर," यतीन म्हणाला. "ही यादी आहे."

याद्यांवर सही करायला बर्टन साहेबांना मंत्र्याची बंदी नव्हती. स्टेशनरीच्या यादीवर ते दर महिन्याला करत. त्यांनी केली. मार्टाबाईंनीही केली, आणि सही करताना पहिल्यांदा टोपी काढली.

कागदांच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लागल्याशिवाय यादी पुरी होत नाही, आणि यतीनचा हात काही ऐकेना. त्याने लाल मार्करने दोन्ही देशांसाठी काढलेल्या प्रतींच्या कोपऱ्यांवर एकेक ठिपका दिला. कॉफी मशीनजवळच्या साखरेच्या पुड्या फाडून सगळ्यांच्या तळहातावर साखर ठेवली. सगळ्यांनी ती अत्यंत गंभीरपणे खाल्ली. वाजले होते तीन वीस.

गोंधळ झाला तो लाल ठिपक्यांनी. थोरल्यांना वाटलं, ही धाकट्यांची सर्वोच्च गोपनीयतेची खूण. धाकट्यांना वाटलं, थोरल्यांची. विचारणं बरं दिसत नाही म्हणून कुणी विचारलं नाही. दोन्ही राजधान्यांत तो कागद अशा तिजोरीत गेला की तो वाचायची परवानगी असलेला माणूसच दोन्ही सरकारांत सापडेना. मंत्र्यांनाही नाही. कागद वाचता येत नाही, म्हणजे करार झालेला नाही, असं अधिकृतपणे ठरलं. आणि कागदाला चारी कोपऱ्यांना लाल आहे, म्हणजे तो मोडायची कुणाची टाप नाही, असं अनधिकृतपणे. बर्टन साहेबांनी पाइपलाइनवाल्यांना तोंडी सांगितलं, आणि का, हे विचारायची पाइपलाइनवाल्यांना परवानगी नव्हती.

एक नोव्हेंबरला गॅस सुरू झाला. डिसेंबरात थोरल्याकडे कडाक्याची थंडी पडली, तरी तो सुरू राहिला. जानेवारीत मार्टाबाईंनी घरच्या ईमेलवरून यतीनला दोन ओळी पाठवल्या. कशाबद्दलही लिहीत नाहीये, फक्त हवामान सांगतेय, इकडे छान उबदार आहे, आई खिडकीत बसून शेजाऱ्यांवर टीका करते. यतीन तो ईमेल घेऊन दोन दिवस हवेत होता. लॅबमध्ये कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून त्याने सगळ्यांना डोनट आणले आणि वाढदिवस आहे असं सांगितलं.

फेब्रुवारीला त्या वर्षी एकोणतीस दिवस होते. तो एक दिवस वरकड मिळाला. एक मार्चला सकाळी सहा वाजता प्रेशर पडलं.

बाईंचा दुसरा ईमेल पाच मार्चला आला. हवामान बदललंय, बाहेर वजा चौदा आहे, आईला पुन्हा हॉस्पिटलात हलवलंय, नर्सेस ओळखीच्याच आहेत. शेवटी लिहिलं होतं: 'तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. महिने मीही वाचले होते. पण कुणीतरी आमच्यासाठी काहीतरी साध्या भाषेत लिहितंय, याचंच इतकं बरं वाटलं की मी मोजले नाहीत.'

यतीन लायब्ररीसमोरच्या बसस्टॉपवर उभा होता. अंगावर दोन जॅकेटं, बुटांत बर्फ. तीन वर्षं तो या गावात एप्रिलपर्यंत बर्फ तुडवत आला होता. आणि ऐन मोक्याला, दोन देशांच्या मध्ये बसून लिहिताना, त्याला इयत्ता तिसरीचं पुस्तक आठवलं होतं: उन्हाळा चार महिने, पावसाळा चार महिने, हिवाळा चार महिने. त्यात खामगावच्या हिशेबाने काही चुकलं नव्हतं. मार्चमध्ये खामगावला कूलर निघतात.

त्याने बर्टन साहेबांच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाई फार चांगल्या वागल्या. त्यांनी विचारलं, कुठल्या कराराबद्दल? यतीनला सांगता येईना. कुठल्या बैठकीबद्दल? तेही सांगता येईना. त्यांनी सुचवलं की तुम्ही लेखी द्या. बस आली, त्याने ती सोडली, आणि लायब्ररीत परत जाऊन लेखी दिलं. अर्ज इंग्रजीत होता, पण वळण खामगावचंच:

प्रति, मा. कार्यालयप्रमुख. विषय: मार्च महिन्यास हिवाळ्याचा दर्जा मिळणेबाबत. संदर्भ: नाही.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, जी बैठक झाली नाही, तीत जी यादी करण्यात आली नाही, तिच्या ओळ क्र. ७ मध्ये माझ्याकडून हिवाळा कमी लिहिला गेला आहे. यात दोन्ही देशांचा काही दोष नाही. तरी सदर यादी पाहण्याची परवानगी असलेल्या अधिकाऱ्याची नेमणूक करून, तिजोरी उघडून, त्या ओळीत मार्च, आणि शक्य असल्यास एप्रिलचा पहिला पंधरवडा, वाढवून मिळावा. वयोवृद्ध रुग्ण असल्याने हे काम आजच्या आज व्हावे, ही नम्र विनंती.