वरच्या खोलीतलं गाणं

चारकोपच्या सेक्टरमधलं विद्याधर धुरींचं घर म्हणजे एकावर एक चढवलेल्या दोन खोल्या, मागे किचन आणि मधे लोखंडी जिना. एवढ्याशा घराला तीन स्पीकर कशाला हवेत, असं त्यांनी तीन वर्षांपूर्वी मुलाला, नितेशला, विचारलं होतं. नितेशनं उत्तर दिलं नाही. मशीनमधलं ज्याला कळतं तो सहसा देत नाही. त्यानं एका दुपारी खालची खोली, किचन आणि वरची खोली असे तीन बिनतारी स्पीकर वायफायला जोडले, आईपप्पांच्या फोनवर गाण्यांचं ॲप टाकलं आणि तिघांत मिळून आपलं एकच अकाउंट ठेवलं. यादीतल्या ज्या नावावर बोट ठेवाल तिथं गाणं वाजेल, एवढंच त्यानं शिकवलं.

त्याच्या आईनं, सुगंधानं, ते लगेच कामाला लावलं. सकाळी सव्वासहाला डबे भरता भरता ती 'वरची खोली'वर बोट ठेवायची, आणि वर झोपलेल्या नितेशच्या उशाशी भक्तिगीतं सुरू व्हायची. नितेश अंथरुणातूनच आपल्या फोनवरून ती बंद करायचा. ती पुन्हा लावायची, तो पुन्हा बंद करायचा. एक शब्द न बोलता मायलेकांचं असं भांडण चालायचं. तिसऱ्या खेपेला गाणं थांबलं की "उठलो एकदाचो", म्हणजे उठला एकदाचा, असं मालवणीत पुटपुटत सुगंधा चहाचं आधण ठेवायची.

पुढे सुगंधा गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. वर्षभरानं नितेश आणि त्याची बायको श्वेता मुलुंडला चौदाव्या मजल्यावर राहायला गेले. श्वेताचं ऑफिस तिकडे, त्यामुळे कुणाला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. जाताना त्यांनी वरच्या खोलीतला स्पीकर तेवढा नेला. "तुम्ही पण चला," असं दोघं मनापासून म्हणाली होती. धुरींनीच नको म्हटलं, आणि आपण नको का म्हटलं याचा विचार ते तेव्हापासून करत होते.

चौतीस वर्षं छापखान्यात मशीनवर काढलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. धुरींना आवाजाची इतकी सवय की घरात भांडं पडलं तरी त्यांना जरा बरं वाटायचं. नितेशचा फोन रविवारी यायचा, जेवलात का आणि गोळ्या घेतल्या का या दोन प्रश्नांपुरता. त्यांना फार एकटं वाटायचं, आणि ते जिला सांगावं ती भिंतीवर फोटोत होती.

एका मंगळवारी सकाळी ते किचनमध्ये गाणं लावायला गेले. चष्मा नव्हता, बोट पडलं 'वरची खोली'वर. स्पीकर गेला तरी नाव यादीत तसंच राहिलं होतं. किचन गप्प, पण फोनवर गाणं मात्र पुढे सरकत होतं. ही काय भानगड म्हणून धुरी जिना चढून वर गेले. फळीवरच्या धुळीत स्पीकरच्या जागी एक स्वच्छ गोल होता, दुसरं काही नाही. तेवढ्यात गाणं आपोआप थांबलं. त्यांनी पुन्हा लावलं, ते पुन्हा थांबलं. मग फोन वाजला.

"पप्पा, काय करताय? आमच्या बेडरूममध्ये वाजतंय ना ते."

"तुमच्या? मुलुंडाक?"

"तो स्पीकर इथे आणला नाय का आपण? अकाउंट एकच आहे, कुठूनही लावलं तरी इथे वाजणार. सव्वासहा झालेत यार, पप्पा."

"चुकान लागला रे. चष्मो नव्हतो. झोप तू."

"आता कसली झोप. उठलो मी."

फोन ठेवल्यावर धुरींना ओशाळं वाटायला हवं होतं. वाटला तो आनंद. रविवार नसताना मुलाचा आवाज ऐकायला मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला त्यांनी चष्मा लावला, यादी नीट वाचली आणि पुन्हा 'वरची खोली'वरच बोट ठेवलं. चाळीसपर्यंत आकडे मोजून होतात न होतात तोच गाणं थांबलं. फोन आला नाही. पण मुलुंडला नितेशनं हात लांब करून ते बंद केलं होतं, म्हणजे तो होता, जागा होता, धडधाकट होता. "उठलो एकदाचो," असं सुगंधासारखं म्हणत धुरींनी चहाचं आधण ठेवलं.

मग ते अंगवळणीच पडलं. शनिवार-रविवार मात्र ते सोडून द्यायचे, कारण सुगंधाही सोडायची. गाणं लगेच थांबलं की आज घाईत आहे, उशिरा थांबलं की रात्री जागला असेल, असे हिशेब ते लावायचे. एकदा तर दोन गाणी पूर्ण वाजली. धुरींनी फोनवर नितेशचं नाव शोधलं. नंबर लावणार तोच तिसरं गाणं सुरुवातीलाच थांबलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आंघोळीला गेला असेल.

महिन्याभरानं एका रविवारी नितेश एकटाच आला. बांगड्याचं तिखलं पोटभर जेवला आणि हात पुसत म्हणाला, "पप्पा, तुमचा फोन द्या. श्वेताची शिफ्ट बदललीय. पहाटे चारला येते बिचारी, जरा डोळा लागला की तो स्पीकर बोंबलतो. मी रोज धावतो बंद करायला. तुमची चूक नाय, ती यादीच गोंधळाची आहे. तुम्हाला वेगळं अकाउंट करून देतो."

चुकून लागत नाही रे, हे वाक्य धुरींच्या अगदी जिभेवर आलं. ते म्हणाले, "तुझी आई लावायची सकाळी. आठवता?"

"आठवत नाय तर! काय वैताग द्यायची," नितेश फोनमध्ये बघत हसला. "आता अलार्म लावतो मी."

पोराच्या चेहऱ्यावर जागरण दिसत होतं. सांगितलं असतं तर त्यानं अकाउंट तसंच ठेवलं असतं, श्वेतानंही काही म्हटलं नसतं, आणि दोघांची झोप मोडत राहिली असती. धुरींना ते नको होतं.

"कर बाबा," ते म्हणाले.

दहा मिनिटांत काम झालं. यादीत आता दोनच नावं होती.

"झकास," नितेश म्हणाला. "आता तुमचं तुमचं. मध्येच कोणी बंद करणार नाय."

सोमवारी सव्वासहाला धुरींनी 'किचन'वर बोट ठेवलं. गाणं छान खणखणीत वाजलं. ते गॅसजवळ उभे राहून आकडे मोजू लागले. चाळीस झाले, शंभर झाले. गाणं संपलं, दुसरं लागलं, मग तिसरं. आठ वाजले तरी नितेशनं सांगितल्याप्रमाणे मध्ये कुणी बंद केलं नव्हतं, आणि धुरींनी चहाचं आधण ठेवलं नव्हतं.